गडाचा दगड आणि सोयाबीनचं पान



या व्याख्यानमालेत आजवर गाण्यावर बोलणारे आले, शिंदेशाहीच्या कागदपत्रांवर बोलणारे आले, ज्ञानेश्वरीवर तर दोन-तीन वर्षांआड कुणी ना कुणी येतंच. खतावर बोलायला उभा राहिलेला बहुधा मीच पहिला. कार्यवाहांना फोनवर विषय सांगितला तेव्हा ते जरा थबकले. "सिलिकॉन म्हणजे ते कॉम्प्युटरमधलं?" मी म्हटलं, "तेच. कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी ते गवतात होतं." त्यावर त्यांनी काही विचारलं नाही. पत्रिकेत मात्र 'सिलिकॉन आणि शेती' असं सावध नाव छापलं आणि सोयाबीन गाळलं.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमतो त्या सरांना हा विषय चालला असता. आम्हा मुलांना घेऊन ते एका रविवारी उरवाई दरवाजाच्या बाजूने ग्वाल्हेरच्या गडावर चढले होते. पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या काळात, कड्यात कोरलेल्या त्या थोरल्या जैन मूर्तींपाशी ते थांबले, वाटेत पडलेले दगडाचे दोन तुकडे उचलले, एकमेकांवर घासले आणि पडलेली भुकटी माझ्या तळहातावर धरली. "काय आहे?" मी म्हटलं, वाळू. "वाळू म्हणजे काय?" ते काही सांगता येईना. मग तेच म्हणाले, "सिलिका. सिलिकॉन आणि ऑक्सिजन. हा अख्खा गड जवळजवळ त्याचाच." आमच्यातल्या एकाची डबऱ्याकडे शेती होती. त्याने विचारलं, "सर, मग हा दगड कुटून शेतात टाकला तर?" सर म्हणाले, "टाक की. आधी तो पाण्यात विरघळवून दाखव."

मी पुढे माती तपासण्यात आयुष्य घालवलं, आणि आज सांगण्यासारखं जे आहे ते बरंचसं त्या एका वाक्यात होतं. पृथ्वीच्या कवचात वजनाने ऑक्सिजनच्या खालोखाल सिलिकॉनच आहे, सुमारे २८ टक्के. पण मुळाला तो दगड म्हणून नको असतो, पाण्यात विरघळलेला हवा असतो. त्या रूपाला मोनोसिलिसिक आम्ल म्हणतात. गडाच्या दगडातलं क्वार्ट्झ लिटरभर पाण्यात १० मिलिग्रॅमही विरघळत नाही. भाताच्या तुसाच्या राखेतली सिलिका मात्र त्याच पाण्यात १०० मिलिग्रॅमच्या वर विरघळते. रसायनाच्या भाषेत दोन्ही एकच. फरक आतल्या रचनेचा: क्वार्ट्झमध्ये अणू कवायतीला उभे असल्यासारखे ओळीत, राखेत ते जत्रेतल्या गर्दीसारखे. मुळाला जत्रा मानवते.

आता सोयाबीनकडे येतो. ग्वाल्हेरमध्ये बसून सोयाबीनबद्दल का बोलायचं, असं कुणाच्या मनात असेल. आपल्या आसपास मोहरी, गहू, बाजरी, डबरा-भितरवारला भात. पण जुन्या ग्वाल्हेर संस्थानाचा नकाशा काढून बघा. उज्जैन, शाजापूर, मंदसौर, भिलसा म्हणजे आजचं विदिशा, इकडे गुना, शिवपुरी. आज देशातलं सोयाबीन जिथे पिकतं त्यातला मोठा भाग आपल्याच संस्थानात होता. फक्त तेव्हा तिथे कापूस आणि ज्वारी होती. आणि २००८ साली इथे राजमाता विजयाराजे शिंदे कृषी विश्वविद्यालय झालं तेव्हा सीहोर, इंदूर, खंडवा, मंदसौर इथली महाविद्यालयं त्याच्याखाली आली. रेसकोर्स रोडवरच्या एका कचेरीत शिंदे, होळकर आणि भोपाळचे नवाब असे तिघांचे मुलूख एकत्र नांदतात. इतिहासात हे फारसं जमलं नव्हतं.

सोयाबीनला सिलिकॉन घातलं तर वाढ चांगली होते का? शेतकरी सरळ विचारतात आणि त्यांना सरळ उत्तर हवं असतं. माझं उत्तर असं की पीक सुखात असेल तर फारसा फरक दिसत नाही, अडचणीत असेल तर दिसतो, आणि तोही प्रत्येक अडचणीत नाही. आता हे उत्तर जरा उलगडतो.

वनस्पतींना लागणाऱ्या अन्नद्रव्यांच्या यादीत सिलिकॉन कधीच धड बसलं नाही. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडला बार्लीच्या प्रयोगात सोडियम सिलिकेट घालायला सुरुवात झाली १८६२ मध्ये. पुढे १९३९ मध्ये आर्नन आणि स्टाउट यांनी 'आवश्यक' कशाला म्हणायचं याचे नियम घातले. ज्याच्याशिवाय रोप आपलं जीवनचक्र पुरं करू शकत नाही तेच आवश्यक. या परीक्षेत सिलिकॉन नापास झालं, कारण ते नसलं तरी बहुतेक झाडं कशीबशी बी धरतात. पण शेतकऱ्याचं काम 'कशीबशी'वर भागत नाही. जपानने भातासाठी सिलिकेट खताला १९५५ मध्येच मान्यता दिली. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या इमॅन्युएल एपस्टाइन यांनी विचारलं की प्रयोगशाळेत आपण झाडं सिलिकॉनविना वाढवतो आणि त्यांनाच सामान्य म्हणतो, हे कसं काय? शेतातलं एकही झाड सिलिकॉनविना वाढत नाही. माझ्या मते या विषयातला सगळ्यात नेमका प्रश्न तो हाच.

भाताच्या अंगात सिलिकॉन भरपूर जातं. पान बोटांत धरून उलट्या दिशेने ओढलं की कातडी कापते ती त्यामुळेच. पानाच्या त्वचेखाली काचेचा थर असतो म्हणा ना. सोयाबीनचं तसं नाही. त्याचं पान मऊ, त्यात सिलिकॉन भाताच्या मानाने थोडं. म्हणून बरीच वर्षं द्विदल पिकांना त्याचं काय, असाच समज होता. १९८५ मध्ये मियाके आणि ताकाहाशी या जपानी शास्त्रज्ञांनी सोयाबीन पाण्यात वाढवलं, एकीकडे सिलिकॉन ठेवून आणि दुसरीकडे काढून घेऊन, आणि सोयाबीनची वाढही त्यावर अवलंबून असते असं दाखवलं. खरं कोडं सुटलं ते मुळातलं दार सापडल्यावर. २००६ मध्ये जपानच्या जियान फेंग मा यांच्या गटाने भाताच्या मुळात सिलिकॉन आत घेणारं प्रथिन शोधलं. मग कॅनडात क्यूबेकच्या लावाल विद्यापीठात रिचर्ड बेलांजे यांच्या गटाने सोयाबीनमध्ये तशीच दोन दारं शोधली. २०१३ च्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव आहे रूपेश देशमुख. ते वाचताना ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या माझ्यासारख्या मराठी माणसाला जरा बरं वाटतंच, त्याला इलाज नाही. त्याच गटाने पुढे २०१५ मध्ये दाखवलं की या प्रथिनातल्या दोन विशिष्ट खुणांमध्ये बरोबर १०८ अमिनो आम्लांचं अंतर असेल तरच दार सिलिकॉनला उघडतं. टोमॅटोत ते १०९ आहे. एका मण्याचा फरक, आणि टोमॅटो बाहेरच उभा.

सोयाबीनचं दार उघडं आहे, पण सगळ्या जातींत सारखं नाही, आणि मला इथेच जास्त बोलायचं आहे. २०१२ मध्ये लावालच्याच मंडळींनी निरनिराळ्या जाती सिलिकॉन घालून वाढवल्या आणि त्यांच्यावर तांबेऱ्याची बुरशी सोडली. 'हिकमोक सोरिप' नावाची एक कोरियन जात सिलिकॉन भरपूर घेत होती, आणि तिच्यावर तांबेरा फारसा चढला नाही. ज्या जाती कमी घेत होत्या त्यांना तेच खत घालून तितका लाभ झाला नाही. खत एकच, रोगही एकच. फरक पडला तो जातीने.

तांबेऱ्याचं नाव काढलं की सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. कृष्णाकाठच्या दमट हवेत पानाच्या खालून विटकरी पूड धरते आणि शेंगा भरायच्या आत पान गळतं. सांगलीजवळ कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने फुले संगम, फुले किमया अशा जाती काढल्या त्या याच शत्रूला डोळ्यांसमोर ठेवून. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या 'एमएसीएस' जाती आहेत, परभणीच्या 'एमएयूएस' आहेत, आपल्याकडे सीहोरच्या 'आरव्हीएस', जबलपूरच्या 'जेएस'. यांतली कोणती जात सिलिकॉन किती पिते, हे जातीच्या माहितीपत्रकात छापून यायला हवं, निदान सिलिकॉन विकणाऱ्याने तरी ते सांगायला हवं. शेतकऱ्याला बी घेताना उगवणीचा टक्का कळतो, पिकायला किती दिवस लागतात ते कळतं. हेही कळावं.

सिलिकॉन रोपात नेमकं करतं काय? पानाच्या बाह्यत्वचेखाली थर बसतो, त्यामुळे पाणी उडणं कमी होतं, बुरशीचा तंतू आणि किड्याचं तोंड यांना अडथळा होतो. शिवाय रोप स्वतःच्या बचावाला लवकर जागं होतं. हे कसं घडतं यावर अजून वाद चालू आहेत आणि ते वाद वाचायला मजा येते. कोरियात पाण्याचा ताण आणि खारं पाणी दिलेल्या सोयाबीनवर सिलिकॉनचा गुण दिसला. चीनमध्ये मक्याच्या सावलीत वाढणाऱ्या, शेंड्याला लांबून लोळणाऱ्या सोयाबीनच्या खोडाला बळकटी आली. चवळीच्या मुळांवर गाठी वाढतात असं दक्षिण आफ्रिकेत १९९९ मध्ये दाखवलं गेलं. चवळी सोडली तर हे प्रसंग ताणाचे आहेत. २०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, आणि तोच महिना सोयाबीनच्या फुलाचा आणि शेंगेचा. अशा वर्षी सिलिकॉनने पाणी पडत नाही. पण दहा दिवसांत कोमेजणारं रोप बारा दिवस टिकलं, तर मधल्या दोन दिवसांत एखादी सर येऊ शकते. अपेक्षा धरायची ती एवढीच.

आणि पिवळ्या मोझॅकवर सिलिकॉनची बाटली घेऊन धावू नका. तो विषाणू पांढरी माशी आणते, आणि १९९४ मध्ये आलेली 'जेएस ३३५' ही लाडकी जात आपल्याकडे त्याला बळी पडते. तिथे जात बदलणं हाच खरा उपाय. शेतात पाणी साचत असेल तर आधी रुंद वरंबा आणि सरी करा. गंधक कमी असेल तर गंधक घाला. घर गळत असताना भिंतीला रंग कुणी लावत नाही.

आता मातीबद्दल. माझे पूर्वज कोकणातले. तिथला जांभा तुम्ही पाहिला असेल. लाखो वर्षांच्या पावसाने मातीतली सिलिका धुऊन नेली, मागे राहिलं लोह आणि अॅल्युमिनियम, म्हणून तो लाल. जांभा म्हणजे सिलिका हरवलेली माती. तिथे भाताला सिलिकॉन लागू पडतं यात नवल नाही. माळव्याची काळी माती याच्या उलट. तिची चिकण खनिजं स्वतःच सिलिकेटची, आणि ती मुळाला थोडं थोडं देत राहतात. त्यामुळे उज्जैन-देवासच्या खोल काळ्या रानात सिलिकॉन खताचा परिणाम कमी दिसला तर खताला शिव्या देऊ नका. आपल्या चंबळकडच्या हलक्या, वालुकामय जमिनीत मात्र गंमत आहे. माती मुठीत घ्या, निम्मी वाळूच, म्हणजे सिलिकाच सिलिका, आणि विरघळलेलं सिलिकॉन मात्र तुटपुंजं. सरांचा दगड पुन्हा आला.

मातीतलं उपलब्ध सिलिकॉन मोजता येतं. मॉलिब्डेटशी संयोग घडवला की निळा रंग येतो, रंग जितका गडद तितकं सिलिकॉन. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा सगळे नमुने असे निळेशार आले की मला वाटलं, आपण शोध लावला. दोन दिवसांनी लक्षात आलं की द्रावणं मी काचेच्या बाटल्यांत ठेवली होती. काच म्हणजे सिलिका. मी बाटलीच मोजत होतो. तेव्हापासून या कामाला मी फक्त प्लॅस्टिकची भांडी वापरतो. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात; सिलिकॉन त्यात नाही. म्हणजे गरज आहे की नाही हे न बघताच शेतकरी ते विकत घेतो.

आणि काय विकत घेतो तेही बघा. दुकानात जाऊन "सिलिकॉन द्या" म्हटलं की बरेचदा हातात येतो स्टिकर. फवारणीचं औषध पानावर पसरावं, चिकटावं म्हणून घालतात ते सिलिकॉन-आधारित द्रव्य. त्याचा रोपाच्या पोषणाशी संबंध नाही. त्यातला सिलिकॉन कार्बनला बांधलेला, मुळाच्या दाराला तो ओळखीचाच नाही. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर, दोन्हींवर हिरवं पान छापलेलं. एका ओळखीच्या शेतकऱ्याने सांगितलं, "साहेब, तीन वर्षं सिलिकॉन मारतोय." बाटली बघितली, तर तीन वर्षं तो स्टिकर मारत होता. औषध चांगलं चिकटलं असेल, एवढंच.

दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली. पोटॅशियम सिलिकेट भरपूर अल्कधर्मी असतं. एका जाणत्या माणसाने, नाव घेत नाही, वेळ वाचवायला म्हणून ते आणि आम्लधर्मी विद्राव्य खत एकाच पंपात घातलं. चार फवारे गेले आणि नोझल बंद. टाकीचं झाकण काढलं तर आत साबुदाण्याच्या खिरीसारखी जेली थरथरत होती. आम्ल मिळालं की सिलिकेटची जेली होते, हे शाळेच्या प्रयोगशाळेतलं ज्ञान. तो पंप धुण्यात एक दुपार गेली आणि माणूस माझ्याशी आठवडाभर बोलला नाही, जसं काही ती जेली मीच केली.

पानावर फवारलेलं सिलिकॉन रोपाच्या आत फारसं शिरतही नाही. त्याला आत घेणारी दारं मुळाला आहेत. फवाऱ्याचा थर पानावर बसून बुरशीला काही काळ अडवतो, ब्राझीलमध्ये तांबेऱ्यावर ते दिसलंही आहे. पण नव्याने फुटलेल्या पानाला त्याचा उपयोग नाही. द्यायचं तर मुळाशी, आणि पेरणीच्या आधी.

मुळाशी द्यायला काय आहे? कॅल्शियम सिलिकेट आहे, डायटोमाइट आहे. पण त्याआधी आपल्या दारात काय पडलंय ते मोजू. क्विंटलभर धान भरडलं की साधारण २० किलो तूस निघतं. ते जाळलं की सुमारे ४ किलो राख, आणि त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका. डबऱ्याच्या मिलमागे उभं राहिलं की ही राख वाऱ्याने डोळ्यांत जाते. एन. के. सावंत यांनी अमेरिकेतल्या स्नायडर आणि डॅटनॉफ यांच्याबरोबर १९९७ मध्ये भाताच्या सिलिकॉनवर जो लेख लिहिला तो आजही जगभर वाचला जातो. हेक्टरी ५ टन भाताचं पीक जमिनीतून २३० ते ४७० किलो सिलिकॉन उचलतं, हा आकडा त्यातला. त्याच सावंतांनी रोपवाटिकेत तुसाची राख मिसळली तर भातातली गाभेमर कमी होते, असं आपल्याकडच्या सहकाऱ्यांबरोबर १९९४ मध्ये लिहिलं होतं. कोकणातला शेतकरी राब भाजतो तेव्हा राख मातीत जातेच. त्याला फक्त मोनोसिलिसिक आम्ल हे नाव ठाऊक नव्हतं.

सोयाबीनच्या मागे माळव्यात गहू येतो, आणि गहू सिलिकॉन भरपूर घेतो. आता नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेली खुंटं, जाळण्याबद्दल सगळे बोलतात. जाळल्याने सिलिका कुठे जात नाही, ती राखेत राहते. जातो तो सेंद्रिय कर्ब आणि नायट्रोजन. सिलिका शेताबाहेर जाते ती भुशाच्या ट्रॉलीतून. भुसा विकू नका असं मी म्हणणार नाही, पैसे लागतात. पण तो ज्या जनावराने खाल्ला त्याचं शेण परत आलं, तर हिशेब पुरा होतो.

हा हिशेब इंदूरला नव्वद-पंच्याण्णव वर्षांपूर्वी मांडून झालेला आहे. १९२४ ते १९३१ या काळात शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड तिथे होते. कापसाच्या पऱ्हाट्या, पाचट, शेण, मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचं कंपोस्ट त्यांनी बसवलं. जगभर त्याला इंदूर पद्धत म्हणतात. १९३१ च्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या शेजारी दुसरं नाव आहे यशवंत वाड. रसायनाची बाजू त्या माणसाने सांभाळली, आणि आपण त्यांना विसरलो. १९३५ मध्ये गांधीजींनी इंदूरच्या भेटीत ते कंपोस्ट पाहिलं, आणि त्याच वर्षी ते वर्ध्याला मगनवाडीत सोयाबीन शिजवून लोकांना खायला घालत होते, 'हरिजन'मध्ये त्यावर लिहीत होते. कंपोस्ट आणि सोयाबीन त्यांच्या डोक्यात त्या वर्षी शेजारी होते. दुसऱ्याच वर्षी बडोदे संस्थानाने फ्रेडून काळे यांचं सोयाबीनवरचं जाडजूड पुस्तक छापलं. माळव्यात पीक म्हणून सोयाबीन पसरायला मात्र पुढची तीस-पस्तीस वर्षं लागली.

राखेबद्दल एक सांगायचं राहिलं. मिलच्या भट्टीत तूस फार तापलं की राख पांढरी-गुलाबी होते आणि आतली जत्रा मोडून पुन्हा कवायत सुरू होते. तिचा गडाचा दगड होतो. मंद जळलेली काळी-करडी राख घ्या. ती कोरडी असताना उधळू नका, फुप्फुसाला वाईट. शेणखतात ओली करून मिसळा. पट्ट्याने टाका, शेतभर नको. दहा ओळी राखेच्या, दहा बिनराखेच्या, पुन्हा दहा राखेच्या, आणि शेंगा काढताना दोन्हींचं वजन वेगवेगळं करा. माझ्या गच्चीतल्या कुंड्यांत राखेची रोपं हिरवी दिसली, पण काट्यावर दाणे सारखेच निघाले, कारण कुंड्यांना मी रोज पाणी घालत होतो. यंदा एका ओळीला जुलै संपल्यावर पाणी तोडणार आहे. घरच्यांना ते क्रूर वाटतंय.

व्यासपीठाच्या डाव्या हाताला दोन बरण्या ठेवल्यात, एकीत काळी राख, एकीत पांढरी. जाताना काळीतली पुडी बांधून घेऊन जा. ज्यांच्याकडे फक्त तुळस आहे त्यांनीही न्यावी, पण एक कुंडी तशीच ठेवा. आणि सुपाऱ्या खाणाऱ्यांनी कृपया बरण्यांत हात घालू नये, मागच्या वेळी घातला होता.